ढालतोंड्या

"गुर्झासारखा जहाल साप मागायला येणाऱ्याला मी चहा पाजते, जर्दाळूचा मुरंबा वाढते आणि फाटकापर्यंत पोहोचवून येते," क्लावदिया सेम्योनोव्ना म्हणाली. "पुन्हा घरात घेत नाही. तू काय मागायला आलीस?"

रापियाने कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीत चहा सांडलाच. "तुम्ही द्याल तो," ती पुटपुटली.

"जोरात बोल. आणि मी देईन तो नाही. मी निवडायचा आणि तू आयुष्यभर सांभाळायचा, नवरा आहे का तो?"

पलीकडच्या खोलीत भिंतभर काचेच्या पेट्या होत्या. खोलीचं दार बंद होतं, पण त्या दाराकडे पाठ करून बसणं रापियाला जमेना, म्हणून ती खुर्चीत तिरकी बसली होती. सेम्योनोव्नाचं वय चौऱ्याहत्तर. शहरातल्या सर्पालयात तिने एकतीस वर्षं सापांचं विष काढलं होतं. पुढे सर्पालय बंद पडलं. म्हातारीची नजर आणि जीभ तेवढी धारदार राहिली. तिच्या उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापाशीच संपत होती आणि बोलताना ती नेमकी त्याच बोटाने खुणावत असे.

"भीती वाटते?" तिने विचारलं.

"फार."

"म्हणजे किती?"

"दोन थांबे आधीच उतरले. म्हटलं, चालत जावं. मध्येच परत फिरावंसं वाटलं तर वेळ तरी मिळेल."

म्हातारी पहिल्यांदाच हसली. तिने मुरंब्याची वाटी पुढे सरकवली. "खा. गेल्या आठवड्यात एक पैलवान आला होता. म्हणाला, मला सापाची भीतीच वाटत नाही. त्याला चहासुद्धा दिला नाही मी."

रापिया सेहेचाळीस वर्षांची होती आणि भिणं हेच आजवर तिचं मुख्य काम होतं. तसं नोकरीचं काम दवाखान्याच्या खिडकीत बसून रोग्यांची कार्डं काढून देण्याचं. तेवीस वर्षं तीच खिडकी, काचेला तेच अर्धगोल भोक. पलीकडून लोक ओरडत, "अहो, जरा मोठ्याने बोला की!" आणि ती आणखीच हळू बोले. तिला कुत्र्यांची भीती वाटे, फोन वाजण्याची वाटे, मोठ्या डॉक्टरांच्या बुटांच्या आवाजाची वाटे. धाकटी बहीण तर उघड म्हणायची, "आमची रापिया सावलीला सलाम करून मग पुढे जाते."

सहा वर्षांपूर्वी एका रोग्याने बरणीत कोंडलेला पाणसाप थेट खिडकीशी आणून ठेवला होता. मला हाच चावला, म्हणे. सगळ्या बाया किंचाळत पळाल्या. रापियाही पळाली. पण थोड्या वेळाने तीच एकटी परत आली आणि तीन हात दूर उभी राहून बरणीकडे बघत राहिली. छाती धडधडत होती, पण त्या धडधडण्याची तिला त्या दिवशी लाज वाटली नाही. सापापुढे भिऊन वागणं हीच सभ्य रीत होती. दूर उभं राहायचं, हळू हलायचं, हात कुठे जातोय ते बघायचं. जे ती जन्मभर सगळ्यांपुढे करत आली आणि ज्यापायी हसं झालं, तेच इथे शहाणपणाचं होतं. पुढे तिने दवाखान्यातल्या कार्डांच्या कोठीत, घरी न सांगता, एक बिनविषारी नक्षीदार साप पाळला. सहा वर्षं तो नीट जगत होता. पण हल्ली त्याला हातात घेताना तिची छाती धडधडत नसे, आणि त्यामुळे तिला उगाचच एकटं वाटे. हे सगळं सेम्योनोव्नाला कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं. म्हातारीनेही विचारलं नाही.

"हं, आता माग," ती म्हणाली.

"ढालतोंड्या."

"का?"

रापियाने डोळे मिटले आणि पाठ केलेलं बोलल्यासारखं सांगितलं, "हातभरच असतो. चढत नाही फारसा. एका जागी पडून असतो, त्यामुळे दिसतो. उंदीर नीट खातो. आणि चावला तर... बहुतेक करून माणूस मरत नाही."

"या 'बहुतेक'ने फार जण नेलेत," सेम्योनोव्ना म्हणाली. "त्याच्यावरचं औषध शहरात मिळेलच असं नाही. चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात न हलवता इस्पितळ गाठायचं, आणि आठ दिवस आईचं नाव घेत विव्हळायचं. बरं. रानातला पकडलेला हवा, की पेटीत जन्मलेला?"

"पेटीत जन्मलेला."

"शाबास. पुढच्या उन्हाळ्यात देईन."

"पुढच्या?"

"आज नुसती पेटी ने."

ती रिकामी पेटी रापियाने वर्षभर सांभाळली. आत वाळू, दोन चपटे दगड, पाण्याची वाटी, आणि सापाऐवजी फूटभर रबरी नळी. पण रिकामी म्हणायची नाही, असा म्हातारीचा दंडक होता. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की आधी काचेतून नळी कुठे आहे ते बघायचं. डोळ्यांना दिसली तरच कुलूप काढायचं. लांब दांड्याच्या आकड्याने ती उचलून डब्यात ठेवायची, पाणी बदलायचं, नळी परत आत, मग कुलूप, मग कुलूप ओढून बघायचं. थकलेलं असताना नाही, रागात नाही, घाईत तर नाहीच. रापियाने हे एखादा नेम धरावा तसं धरलं. ताप होता त्या दिवशी तिने पेटी उघडली नाही, पण समोर उभी राहून बघून आली.

रविवारी फोन यायचा. "आज नळी कुठे होती?"

"दगडाखाली."

"दिसली?"

"शेपटाकडचं टोक दिसलं."

"डोकं दिसलं का?"

"...नाही."

"मग उघडलीस कशी? मेलीस तू. पुढच्या रविवारी जिवंत हो."

एवढं सगळं ती पाळत होती, पण एक गोष्ट तिने म्हातारीला कधी सांगितली नाही. घरात तिची आई होती, एकोणऐंशीची सेयिलकान. गल्लीभर तिला सगळे आपा म्हणत, मुलगीही आपाच म्हणे. घरातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली आपाच्या कमरेच्या जुडग्यात असे. आजीच्या काळापासून घराची रीतच तशी. पेटीचं कुलूप आलं, तशी त्याचीही दुसरी किल्ली न मागता त्या जुडग्यात गेली. आणि एक दिवस रापिया कामावरून आली तर पेटीत कुरुत वाळत घातलेलं. दह्याच्या चक्क्याच्या पांढऱ्या गोळ्या, वाळूवर स्वच्छ फडकं अंथरून नीट ओळीने मांडलेल्या.

"माशा बसत नाहीत बघ," आपा खुशीत म्हणाली. "काचेतून ऊनही लागतं. नाहीतरी रिकामीच पडलीये."

"आपा, ती रिकामी नाहीये," असं रापियाच्या ओठांवर आलं होतं. पण समोर नळी होती, आणि आईचा हसरा चेहरा होता. ती काही बोलली नाही. वर्षभर पेटीत आळीपाळीने कुरुत आणि नळी राहिली.

जूनच्या सुरुवातीला साप आला. करडा, अंगावर मातकट पट्टे, डोक्यावर ढालीसारखे मोठे खवले, नाकाचा शेंडा किंचित वर उचललेला, जणू कुणाच्या तरी घरातला वास त्याला आवडला नव्हता. रापियाने त्याला आकड्याने पेटीत सोडलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि मग ती तिथेच जमिनीवर बसली. छाती धडधडत होती. कित्येक वर्षांनी.

घरातल्या माणसांना सांगितलंस ना, असं सेम्योनोव्नाने विचारलं होतं. रापियाने होकाराची मान हलवली होती. आईला ती म्हणाली, "आपा, पेटीला रंग लावायचाय. थोडे दिवस कुरुत नको ठेवूस." बाकीचं उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. उद्या आपाचे गुडघे दुखत होते. परवा बहीण आली. मग शुक्रवार आला. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी ती दवाखान्यातून आली तेव्हा आपा अंगणातल्या बाजेवर लोकर पिंजत बसली होती.

"आज पाहुणा येऊन गेला," आपा म्हणाली.

"कोण?" रापिया वाकून बुटाची नाडी सोडत होती.

"लांबडा. कुरुत ठेवायला गेले, म्हटलं अकरा दिवसांत रंग वाळला असेल, तर बाई, तुझ्या त्या रिकाम्या पेटीत हा येऊन बसलेला! कुठून शिरला कोण जाणे. बिळबीळ बघायला हवं."

नाडी रापियाच्या बोटांत तशीच राहिली.

"मग?"

"मग काय? घरात आलेल्या सापाला काय करतात? वाडगाभर दह्याचं आयरान आणलं, बिस्मिल्ला म्हणून झाकण उघडलं, आणि त्याच्या डोक्यावर पांढरं ओतलं. म्हटलं, बाबा, आमच्या घरून तोंड गोड करून जा, आमचं बरं चिंत. मग पेटी दाराशी ओढली आणि केरसुणीच्या दांड्याने आडवी केली. गेला बिचारा. गुणी होता. फूं सुद्धा केलं नाही."

रापिया एका बुटानिशी बाजेपाशी धावली. "आपा, तुझे हात दाखव."

"हात? हाताला काय झालंय?"

तिने आईचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, मग पावलं, मग घोटे. सुरकुत्या, डाग, जुन्या भाजल्याचा व्रण. बाकी काही नव्हतं. 

"कुठल्या बाजूने गेला?"

"ते मी नाही बघितलं. निघालेल्या पाहुण्याच्या पाठीकडे बघू नये."

"किती वेळ झाला?"

"दुपारची नमाज झाली होती. तासभर असेल. काय झालं ग? पांढरीफटक पडलीस."

"आपा, तो आलेला नव्हता. मी आणला होता. विषारी आहे. बाजेवर पाय वर घेऊन बस, खाली ठेवू नकोस. अजिबात नको."

आपाने लोकर बाजूला केली. तिने पाय वर घेतले.

खोलीत पेटी आडवी पडली होती आणि जमिनीवर आयरानचं थारोळं होतं. त्यातून एक वळणावळणाची पुसट पांढरी रेघ निघाली होती. रेघ उंबऱ्यावरून गेली, पायरीवर थोडी दाट झाली, फरशीवरून डावीकडे वळली, आणि शेजारच्या शेरगाझीच्या कुंपणाच्या दोन फळ्यांमधल्या फटीशी संपली.

तिने फोन लावला. 

"सेम्योनोव्ना, साप सुटला. शेजारी गेलाय."

"शेजाऱ्याला सांगितलंस?"

"अजून नाही, मी म्हटलं आधी तुम्हाला..."

"मग मला कशाला फोन केलास? ठेव!" आणि ठेवता ठेवता म्हातारी म्हणाली, "आधी माणसं, रापिया. मग साप. लाज सगळ्यात शेवटी."

लांब बूट, आकडा, लांब चिमटा, फिरकीच्या झाकणाची बादली. हे सगळं तिने घेतलं, पण फाटकाबाहेर पडताना तिला सापाची भीती वाटत नव्हती. शेरगाझीची वाटत होती. तो मालट्रक चालवायचा. आठ वर्षांपूर्वी पाण्याच्या पाटावरून तो तिच्यावर एकदा ओरडला होता, तेव्हापासून ती त्याच्या दारावरून जाताना पलीकडची कड धरायची.

आज त्याचं फाटक सताड उघडं होतं. अंगणात त्याची बायको केन्जे चहाच्या समोवारापाशी वाटग्या मांडत होती. आतून कुराण पठणाचा आवाज येत होता. शेरगाझीच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, आणि ते ती साफ विसरली होती. आणि पडवीत, कुंपणाला लागून, सावलीत, पाहुण्यांचे जोडे होते. बूट, सपाता, म्हाताऱ्यांचे रबरी जोडे, बायकांच्या टाचांच्या चपला. पन्नासेक जोडे, एकमेकांवर चढलेले. थंड, काळोख्या तोंडांचे.

 उन्हातून आलेला ढालतोंड्या याहून चांगली जागा कुठे शोधणार होता?

"एजे, या ना ताई, उशीर केलात," केन्जे हसून म्हणाली, मग तिच्या हातातला आकडा बघून थबकली. "हे काय?"

रापियाने सांगितलं. केन्जेच्या हातातली वाटगी फुटली नाही, पण कलंडली. ती समोवाराच्या पलीकडे झाली. "देवा रे! एजे, तुम्हाला वेड लागलंय का? साप? घरात?" मग आवाज खाली आणत म्हणाली, "आत्ता नका बोलू आत. पठण चाललंय. मशिदीचे मोल्दोके वाचतायत. मधे तोडलं तर माझा नवरा मला उभी चिरेल. संपू दे, मग सांगू."

आतला आवाज संथ होता, म्हातारा होता, आणि गोड होता. तो चालू होता तोवर कुणी उठणार नव्हतं. तो थांबला की दुवा होईल, सगळे तोंडावरून हात फिरवतील, आणि मग पन्नास माणसं गप्पा मारत, न बघता, जोड्यांत पाय घालतील. पण त्याआधीच कुणी एखादा बाहेर आला तर? कुणाला खोकला, कुणाला लघवी. देवाचं वचन मधे तोडायचं पाप तिला माहीत होतं. आपाने तिला लहानपणी त्या एकाच गोष्टीवरून मारलं होतं.

ती उंबऱ्यात गेली. "थांबा," ती म्हणाली.

कुणाला ऐकूच आलं नाही. दाराशी बसलेल्या एका बाईने मान वळवून तिला बस म्हणून खुणावलं.

रापियाने श्वास घेतला. दवाखान्याच्या काचेच्या भोकातून तेवीस वर्षांत जो कधी बाहेर पडला नव्हता, तो आवाज तिने कुठून तरी ओढून काढला.

"मोल्दोके, माफ करा. थांबा! कुणी बाहेर येऊ नका. जोडे घालू नका. साप सुटलाय. विषारी आहे. माझा आहे."

पठण थांबलं.  सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले, आणि तिला वाटलं, आत्ता इथेच जमीन दुभंगली तर बरं.

"कुणाचा म्हणालीस?" शेरगाझी बसल्या जागेवरून म्हणाला.

"माझा."

मागून कुणी तरी फिस्सकन हसलं. "दवाखान्याच्या खिडकीतली उंदरी! ती साप पाळते?"

कुणीही त्या हसण्यात सामील झालं नाही. शेरगाझी उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "बापाच्या श्राद्धाला माझ्या घरात साप सोडतेस? केन्जे! फावडं आण! त्याचे तुकडे करतो, मग हिचं बघतो!"

"बस, शेरगाझी," मोल्दो म्हणाला. किडकिडीत म्हातारा होता तो, पांढऱ्या टोपीतला. "फावडं बाहेर आहे, आणि तुझे जोडेही बाहेर आहेत. कुठल्या पायाने जाणार?"

शेरगाझी बसला नाही, पण पुढेही आला नाही.

"तू शोधशील, मुली?" मोल्दोने विचारलं.

"हो."

"भीती वाटते?"

"हो, मोल्दोके."

"मग सावकाश शोध. आम्ही इथेच आहोत."

तिने दार ओढून घेतलं आणि फटीखाली लोकरीचं जाजम सारलं. केन्जेला म्हणाली, "तू समोवारापाशीच राहा. दिसला तर ओरड, पण हलू नकोस." आणि एकेक जोडा आकड्याने उलटा करू लागली. आधी टोकावरून उचलायचा, हातभर दूर उलटायचा, बघायचं, मगच डावीकडे ठेवायचा. घाई नाही. एक. दोन. घामाने आकडा हातातून निसटत होता. सातव्या बुटातून कुणाचा तरी मोजा पडला आणि रापियाच्या तोंडून किंकाळी निघता निघता राहिली. आतून कुजबुज येत होती. एक मूल रडलं आणि कुणी तरी त्याला गप्प केलं. चौदा. पंधरा. लाल टाचांच्या चपला, कुणाचे तरी अगदी नवे बूट. बावीस. पोटऱ्यांत गोळे आले होते. तिसाच्या पुढे तिला मोजता येईना, संख्या एकमेकांत मिसळू लागल्या, तेव्हा ती थांबली. थकलेलं असताना नाही. ती तिथेच उभी राहिली, दहा श्वास मोजले, मग पुन्हा वाकली.

भिंतीशी टेकून एक जुना रबरी जोडा होता, आतून लाल अस्तराचा. आकडा लागायच्या आत तिला आवाज ऐकू आला. सुक्या पानात बोट फिरवावं तसा, बारीक, थरथरता. शेपटी. आणि त्या काळोख्या तोंडात तिला काही तरी पांढरं दिसलं. वाळून तडकलेलं आयरान, ढालीसारख्या खवल्यांवर.

 पळ, तिच्या अंगातलं सगळं म्हणत होतं, पळ, दार लाव, कुणाला तरी बोलाव. पण बोलवायला कुणी नव्हतं. तो तिचाच साप होता. तिने चिमटा पुढे केला, हातभर, आणखी हातभर. साप विजेसारखा बाहेर आला, पोलादावर 'टक्' आवाज झाला आणि तो परत आत. तिने चिमट्याने जोड्याची टाच धरली. सापाला नाही, जोड्याला. अख्खा जोडा उचलला, थरथरत, हवेतून नेला, आणि बादलीत सोडला. झाकण. फिरकी. एक वेढा, दोन, तीन. ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं.

"एक," ती मोठ्याने म्हणाली. तिच्याकडे एकच होता, तरी तिने मोजला.

मग तिने दाराखालचं जाजम ओढून काढलं.

दार उघडल्यावर लोक बाहेर आले ते भिंत धरून, आपले जोडे झटकून झटकून. कुणी तिच्याशी बोललं नाही. शेरगाझी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. "उद्या हे जनावर या गल्लीत असेल तर..."

"उद्या नसेल, शेरगाझी आके," ती म्हणाली. "आजच परत नेते."

तो तिच्याकडे बघत राहिला. बहुधा तिला ओरडून उत्तर द्यायची त्याने तयारी केली होती, आणि तिने जागाच ठेवली नाही.

सगळ्यात शेवटी मोल्दो आला. जोडे शोधू लागला, आणि मग त्याने बादलीकडे पाहिलं. "माझाच होय? डावा की उजवा?"

"डावा, मोल्दोके. मी नवा आणून देईन..."

"राहू दे. घर जवळ आहे," तो म्हणाला. एका पायात रबरी जोडा आणि दुसऱ्यात नुसता चामडी मोजा घालून तो अंगणातून निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "आज रात्री मी ते पठण घरी पुरं करीन. तुला पाप नाही लागलं, मुली. लागलं असतं तर गप्प राहण्याचं."

घरी आपा अजून बाजेवर पाय वर घेऊनच बसली होती. लोकर तशीच पडली होती.

"मी चुकले का ग?" तिने विचारलं.

"नाही. घरात आलेल्या सापाला जे करायचं तेच केलंस तू. मी सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"घाबरले."

"सापाला?"

"तुला."

आपाने पाय खाली घेतले. मग कमरेचं जुडगं सोडलं, त्यातली ती छोटी पितळी किल्ली शोधून काढली आणि पुढे धरली. रापियाने ती ठेवून घेतली नाही. आईच्या हातातून काढून बाजेवर तिच्याच शेजारी ठेवली.

"तो परत जाणार आहे, आपा. ज्या घरात मी तुला सांगू शकत नाही, त्या घरात तो राहू शकत नाही. माणसं आधी."

"तुला तो आवडायचा का?"

रापियाने होकाराची मान हलवली. 

मिनीबसच्या थांब्यावर ती बादली घेऊन उभी राहिली तेव्हा ऊन कलत होतं. बस थांबली. चढण्याआधी ती चालकाला म्हणाली, "बादलीत विषारी साप आहे. झाकण पक्कं आहे." चालकाने तिच्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि दार लावून गाडी पळवली. दुसऱ्याने शिवी घातली. तिसऱ्याने हसून विचारलं, "खरंच?" ती म्हणाली, "खरंच," तेव्हा तोही गेला. न सांगता चढता आलं असतं. बादली मांडीवर घेऊन, शाल टाकून.

ती चालत निघाली. सेम्योनोव्नाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, पोपलरच्या रांगांमधून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने सात-आठ किलोमीटर. बादली जड नव्हती, पण अंगापासून दूर धरल्याने खांदा भरून आला होता. कुणी समोरून आलं की ती लांबूनच सांगायची, "साप आहे. विषारी. पलीकडून जा." पहिल्यांदा आवाज फाटला. मग फाटेना. सायकलवरची एक बाई उतरून उभी राहिली. दोन म्हाताऱ्यांनी रस्ता ओलांडला.

शहराच्या कडेला, कालव्याच्या पुलाअलीकडे, एक घोडेस्वार मेंढ्यांचा कळप हाकत येत होता. रस्ता अरुंद होता.

"साप आहे!" रापिया ओरडली. "विषारी! जपून!"

त्याने तिला हात केला. चाबूक उंचावून, शीळ घालून, त्याने दीडदोनशे मेंढ्या रस्त्याखाली गवतात उतरवल्या, घोडा आडवा घातला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि ती पूल ओलांडून पलीकडे जाईपर्यंत तो तसाच थांबून राहिला.